टोटल लॉस नाकारून कंपनी दुरुस्तीवर अडली? या चुका टाळा

वर्धा रोडवर चेंदामेंदा झालेली गाडी ‘दुरुस्त होते’ असं विमा कंपनी म्हणाली की बहुतेक जण एकच पालुपद धरतात: ‘आता ती पहिल्यासारखी चालणार नाही.’ म्हणणं खरं असतं, पण निर्णय त्यावर फिरत नाही. गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च, पॉलिसीच्या अटी लावून, आयडीव्हीच्या (पॉलिसीत लिहिलेली गाडीची विमा किंमत) ७५ टक्क्यांवर गेला तरच टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीऐवजी गाडी पूर्ण गेली असं धरून भरपाई. आयडीव्ही ६ लाख असेल तर साडेचार लाखांच्या वर. म्हणून भांडायचं ते आकड्यांवर.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे गाडी न खोलता काढलेल्या इस्टिमेटला होकार देणं. बाहेरून बोनेट, बंपर, रेडिएटर दिसतं. चेसिसला आलेला बाक, आतला पिलर, चिरडलेलं वायरिंग हे खोलल्यावरच कळतं. नुकसान मोजायला कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअरसमोर गाडी खोलायला लावा आणि पुरवणी इस्टिमेट घ्या. मग सर्व्हे रिपोर्टची प्रत मागून ती इस्टिमेटशेजारी ठेवा आणि ओळ न् ओळ ताडून पाहा. वर्कशॉपने बदलायला सांगितलेला पिलर सर्व्हेअरने ठोकून सरळ करायचा धरला असेल, तर बेरीज तिथेच खाली येते. तो भाग बदलणं का गरजेचं आहे, हे वर्कशॉपकडून लेखी घ्या. हा कागद हातात नसेल तर पुढची सगळी तक्रार लंगडी पडते.

पाण्यात बुडालेली गाडी ‘बघू तरी’ म्हणून स्टार्ट करू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा नागपुरात किती गाड्या बुडाल्या, ते आपण पाहिलंय. पाणी शिरलेलं इंजिन फिरवलं की वाढलेलं नुकसान क्लेममधून वगळायला कंपनीला कारण मिळतं.

ऑफिसात जाऊन तोंडी वाद घालण्यात वेळ जातो. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंद करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी निकाली काढणारे अधिकारी) जाता येतं. त्यासाठी एक वर्षाची मुदत आहे. फी नाही, वकीलही लागत नाही. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची, मुदत दोन वर्षं. मात्र आयोगात केस टाकली की तेच प्रकरण लोकपाल घेत नाहीत, त्यामुळे क्रम आधी ठरवा.

आणि वाद मिटेपर्यंत दुरुस्तीच्या संमतीवर किंवा ‘पूर्ण समाधान’ लिहिलेल्या व्हाउचरवर सही करू नका. करावीच लागली, तर सहीच्या वर ‘हरकत राखून’ असं हाताने लिहा आणि त्या कागदाचा फोटो जपून ठेवा.