श्रावणातली पेंड नाकाने तपासू नका

श्रावणात ठाणे जिल्ह्यातल्या गोठ्याच्या भिंतींनाही पाझर फुटतो. अशा दमटीत सरकी पेंड, शेंगदाणा पेंड नाहीतर मक्याचा भरडा महिनाभर पडून राहिला, की बुरशीला आयतं घर मिळतं. मुरबाड-शहापूरकडे मूठभर पेंड नाकाशी नेऊन 'बरी आहे' म्हणायची रीत आहे. मीही तेच करायचो. पण बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं जे विष सोडते त्याला वास नाही, रंग नाही. बुरशी झटकली, पेंड उन्हात घातली, तरी विष पुरतं जात नाही.

गाई-म्हशींच्या तयार खाद्यात अफ्लाटॉक्सिन बी1 (या विषाचा सर्वांत घातक प्रकार) किलोमागे 20 मायक्रोग्रॅमच्या वर नसावं, असं भारतीय मानक सांगतं. पोटात गेलेल्या बी1 पैकी साधारण 1 ते 6 टक्के दुधात एम1 (बी1चंच बदललेलं रूप) होऊन उतरतं, आणि दूध उकळून ते जात नाही. दुधाची मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम. आता हिशोब मांडा: आंबोणात (पेंड-भरड्याच्या खुराकात) किलोमागे 50 मायक्रोग्रॅम बी1 आहे, म्हैस रोज 5 किलो खाते, म्हणजे 250 गेले. त्यातले 2 टक्के, म्हणजे 5, आठ लिटर दुधात वाटले की लिटरला 0.6 च्या वर. म्हैस ठणठणीत दिसते, दूध मात्र नापास.

तपासणीची खरी गोम नमुन्यात आहे. हे विष एकसारखं पसरत नाही. एक पोतं भरलेलं, शेजारचं साफ. म्हणून उघड्या पोत्याच्या तोंडची ओंजळ पाठवू नका. दहापर्यंत पोती असतील तर सगळ्यांतून, वरून, मधून, तळातून थोडं थोडं काढा. पेंडीची ढेकळं फोडा, सगळं एकत्र कालवा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा कालवा. असं किलो-दोन किलोवर आणा. निम्मं कागदी पिशवीत प्रयोगशाळेला, निम्मं सीलबंद स्वतःजवळ, सोबत तारीख आणि बिलाची प्रत. ओला माल प्लॅस्टिकमध्ये बांधलात तर वाटेतच बुरशी वाढते.

नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात खासगी प्रयोगशाळा आहेत. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता नेमकी याच चाचणीसाठी आहे का, ते विचारा. प्राथमिक चाळणीला एलिसा ही झटपट चाचणी पुरते; व्यापाऱ्याशी वाद व्हायचा रंग असेल तर एचपीएलसी ही नेमकं मोजणारी चाचणी करून घ्या. ओलाव्याचं प्रमाणही मागा, 11 टक्क्यांवरचं तयार खाद्य साठवायचंच नाही. एकट्याला खर्च झेपत नसेल तर चार-पाच गोठ्यांनी एकाच लॉटचा माल घेऊन एकच चाचणी करावी.

नापास निघालं तर ते चांगल्या पेंडीत कालवून 'खपवू' नका. खाद्य बदललं की तीन-चार दिवसांत दुधातलं एम1 कमी होतं. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. आणि दिवाळीच्या सुमारास भिजलेला, बुरशीने काळपट पडलेला भाताचा पेंढा दावणीत टाकू नका. म्हशीच्या शेपटीचा शेंडा, कान सुकू लागले तर आधी पेंढा बंद करा आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा.