जुन्या माझदा एमएक्स-५ साठी नवे टायर निवडताना

माझदा एमएक्स-५ ही छप्पर उघडणारी, दोन आसनांची छोटी स्पोर्ट्स कार फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली आणि बॉनेटमधून वर येणाऱ्या व पुन्हा आत मिटणाऱ्या हेडलाइटची तिची पहिली पिढी १९९७ पर्यंत तयार होत राहिली. अमेरिकेत ती मियाटा आणि जपानमध्ये युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांकडे यांतली एखादी गाडी आहे, त्यांच्यापुढे कधी ना कधी टायर बदलण्याचा प्रश्न येतोच. त्या वेळी 'बसेल तेवढा रुंद आणि मिळेल तेवढा चिकट' हा मोह टाळावा, असे माझे ठाम मत आहे. साधारण एक टन वजनाच्या या गाडीची मौज इंजिनाच्या ताकदीत नाही. हलकेपणात, स्टिअरिंगमधून हाताला कळणाऱ्या रस्त्यात आणि पकड सुटण्याआधी गाडी देते त्या स्पष्ट इशाऱ्यात ती आहे, आणि टायर चुकीचा निवडला तर या तिन्ही गोष्टी बिघडतात.

नव्या टायरचा शोध सुरू करण्यापूर्वी गाडीवर असलेले टायर नीट वाचावेत. हौशीने सांभाळलेली गाडी वर्षाकाठी फारशी धावत नाही, त्यामुळे तिचे टायर गोटा होण्याआधी म्हातारे होतात. खाचा भरपूर खोल दिसतात आणि मालक निर्धास्त राहतो, पण आतले रबर कडक होऊन ओल्या रस्त्यावरची त्याची पकड केव्हाच गेलेली असते. रबराला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात जी संरक्षक द्रव्ये मिसळलेली असतात, ती टायर फिरताना, दबताना पृष्ठभागाकडे सरकतात. म्हणून सतत उभ्या असलेल्या गाडीच्या टायरच्या कडांवर बारीक भेगा अधिक लवकर दिसू लागतात. टायरचे वय त्याच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर येणाऱ्या मजकुराच्या शेवटच्या चार अंकांवरून कळते. २३१९ असे अंक असतील, तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. चारऐवजी तीनच अंक असतील, तर तो २००० सालापूर्वीचा आहे आणि त्यावर गाडी गॅरेजबाहेर काढणेही योग्य नाही. अनेक वाहन उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात. मिशेलिन पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून घ्यायला आणि दहा वर्षांनंतर, दिसायला चांगला असला तरी, टायर बदलायला सांगते. छप्पर उघडून वेगाने वळणे घेण्याच्या गाडीसाठी मी सहा-सात वर्षांपुढे थांबणार नाही.

जुना टायर आणखी एक गोष्ट सांगतो. त्याची फक्त आतली कड झिजली असेल, तर चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले आहे किंवा सस्पेन्शनच्या सांध्यांमधले रबरी बुश संपलेले आहेत. हे दुरुस्त न करता नवे टायर चढवले, तर तेही त्याच वाटेने जातील. म्हणून आधी बुश आणि बेअरिंग तपासावेत, मग टायर घ्यावेत आणि ते बसवल्यावर अलाइनमेंट करून घ्यावे.

आता मापाविषयी, कारण बहुतेक चुका इथेच होतात. कारखान्यातून ही गाडी १४ इंची चाकांवर १८५/६० आर १४ ८२एच या मापाच्या टायरसह येत असे. यातील १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे त्या रुंदीच्या टक्केवारीत मोजलेली बाजूची उंची आणि १४ हा रिमचा इंचांमधला व्यास. यावरून संपूर्ण चाकाचा व्यास काढता येतो: ३५५.६ मिमी रिमचे आणि दोन्ही बाजूंचे १११-१११ मिमी, म्हणजे एकूण ५७७.६ मिमी. नवे माप निवडताना या आकड्याच्या जवळ राहावे, कारण व्यास बदलला की वेगदर्शक चुकीचा वेग दाखवतो आणि गिअरचे प्रत्यक्षातले प्रमाणही बदलते. १४ इंची मापात आज चांगले टायर कमी उरले आहेत. जे आहेत, ते बहुतांशी छोट्या कौटुंबिक गाड्यांसाठी बनवलेले असतात. त्यामुळे पुष्कळ मालक १५ इंची चाकांकडे वळतात. तिथे १९५/५० आर १५ हे माप ५७६ मिमी व्यासाचे आहे, म्हणजे मूळ मापाशी ते जवळजवळ तंतोतंत जुळते. २०५/५० आर १५ चा व्यास ५८६ मिमी होतो, हा दीड टक्क्याचा फरक चालण्यासारखा आहे. १९५/५५ आर १५ मात्र तीन टक्क्यांनी मोठे पडते आणि मी ते घेणार नाही. १६ किंवा १७ इंची चाके दिसायला भारदस्त वाटतात, पण ती बहुधा जड असतात. त्यांच्या टायरची बाजू ठेंगणी असल्याने रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट या जुन्या, उघड्या सांगाड्यापर्यंत पोहोचतो.

चाके बदलायची असल्यास चार नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास १०० मिमी (४×१००) आणि मधल्या छिद्राचा व्यास ५४.१ मिमी आहे, हे ध्यानात ठेवावे, आणि चाकाचे वजन विचारल्याशिवाय ते घेऊ नये. ब्रिटनमध्ये मूळ मापाहून वेगळी चाके बसवली, तर विमा कंपनीला कळवणे आवश्यक असते.

मूळ मापाच्या शेवटी असलेल्या ८२एचपैकी ८२ हा भारांक एका टायरने पेलायचे ४७५ किलो वजन दर्शवतो आणि एच हे अक्षर ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. दोन्ही बाबतींत मूळ निर्देशाच्या खाली जाऊ नये, वर जायला हरकत नाही.

खरी निवड रबराच्या मिश्रणाची आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेपुढे टिकण्याचा, एक आकडा छापलेला असतो. तो उत्पादक स्वतः ठरवतात, त्यामुळे दोन कंपन्यांमधली तुलना ढोबळच राहते, तरी २०० म्हणजे मऊ, चिकट आणि लवकर झिजणारे रबर, आणि ५०० च्या आसपास म्हणजे टिकाऊ पण बेताच्या पकडीचे, एवढा अंदाज बांधता येतो. ब्रिजस्टोन आरई-७१आरएस, योकोहामा ॲडव्हान निओव्हा एडी०९ किंवा फाल्कन अझेनिस आरटी६६० हे दोनशेच्या वर्गातले टायर १९५/५० आर १५ या मापात बनलेले आहेत. ट्रॅकवर किंवा वेळेच्या शर्यतींत भाग घेणाऱ्यांसाठी ते उत्तमच आहेत. रोजच्या रस्त्यावर मात्र ते आवाज करतात, थंडीत कडक होतात आणि तीस वर्षांच्या बुशांवर नि बेअरिंगांवर, ज्यासाठी ते घडवलेच नव्हते असा ताण टाकतात. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत रुंद, चिकट टायरमुळे पार्किंग करतानाही हात भरून येतात. शिवाय पकडीची सीमा इतकी पुढे सरकते, की ती ओलांडली जाईपर्यंत वेग फार वाढलेला असतो. या गाडीत आधुनिक गाड्यांसारखी घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही, तिथे चालकाचे कौशल्यच कामी येते. म्हणून रस्त्यासाठी मधल्या दर्जाचा, ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारा उन्हाळी टायर मी सुचवेन. ब्रिटनमध्ये व युरोपात विक्रीच्या लेबलवर ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी ए ते ई अशी दिलेली असते. बाकी कशाहीपेक्षा आधी तीच पाहावी.

रुंद टायर नको म्हणण्याचे आणखी एक कारण पाऊस आहे. हलकी गाडी रुंद टायरवर ठेवली की टायरला अधिक पाणी बाजूला सारावे लागते आणि साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगू लागतो. खाचा झिजलेल्या असतील तर धोका आणखी वाढतो. ब्रिटनमध्ये १.६ मिमी खोली ही कायद्याची किमान मर्यादा आहे, पण पावसाळी प्रदेशात ३ मिमीवरच टायर बदलणे शहाणपणाचे आहे.

तापमान ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की उन्हाळी रबराची लवचिकता कमी होत जाते. जे लोक हिवाळ्यातही ही गाडी चालवतात, त्यांनी तीन शिखरे व हिमकणाचे चिन्ह असलेले बारमाही किंवा हिवाळी टायर घ्यावेत. गाडी हिवाळाभर झाकून ठेवत असाल, तर त्याची गरज नाही. मात्र अतिचिकट उन्हाळी टायर गोठणबिंदूखालच्या जागेत हलवले किंवा वाकवले गेल्यास त्यांना तडे जाऊ शकतात.

चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे आणि एकाच वेळी घ्यावेत. पैशांअभावी दोनच घ्यावे लागले, तर नवे मागे बसवावेत, कारण मागची पकड आधी सुटली तर ही गाडी गिरकी घेते. दुकानात टायर चढवण्यापूर्वी त्यांचे डीओटी अंक स्वतः वाचावेत. क्वचित विकल्या जाणाऱ्या मापांचे टायर गोदामात वर्षानुवर्षे पडून असतात. जुन्या ॲल्युमिनियम रिमच्या आतल्या कडेवर गंज धरलेला असल्यास तो साफ करून घ्यावा, नाहीतर हवा हळूहळू उतरत राहते. व्हॉल्व्ह नवे टाकावेत. डिकीतले स्टेपनीचे चाकही तपासावे, कारण ते बहुधा गाडीइतकेच जुने असते. नट हवेच्या यंत्राने आवळू न देता टॉर्क पान्याने ८९ ते ११८ न्यूटन-मीटरच्या दरम्यान घट्ट करावेत आणि काही दिवसांनी पुन्हा तपासावेत.

शेवटी हवेच्या दाबाकडे जातीने लक्ष द्यावे. या गाडीचा निर्देशित दाब मूळ मापासाठी पुढे-मागे २६ पीएसआय आहे, तर टायरवाले सवयीने ३२ ते ३५ भरून देतात. तेवढ्या दाबावर हलकी एमएक्स-५ उड्या मारू लागते, टायर मधोमध झिजतो आणि मालक टायरच वाईट निघाला असे समजतो. दाब टायर थंड असताना मोजावा, २६ पासून सुरुवात करावी, १५ इंची ठेंगण्या टायरसाठी दोन-तीन अंकांनी वाढवून पाहावे, आणि पहिले काहीशे किलोमीटर, नव्या रबराचा गुळगुळीत थर निघून जाईपर्यंत, वळणांवर घाई करू नये.