कोकणात कॅम्पर व्हॅन बांधताय? आधी पाण्याचा विचार करा

यूट्यूबवर कॅम्पर, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय केलेली व्हॅन, बांधायचे जे व्हिडिओ तुम्ही रात्र-रात्र जागून बघता ना, ते बहुतेक थंड मुलखातले असतात. त्यांची सगळी धडपड आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. आपल्याकडे रत्नागिरीत मोसमाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, बारा महिने खारा वारा, आणि मे महिन्यात हवा अशी की दोरीवरचा टॉवेल सकाळीही दमटच. तेव्हा त्यांची हत्यारं घ्या, मापं घ्या, पण त्यांची भीती घेऊ नका. आपली भीती पाण्याची आहे. मी एसटीच्या वर्कशॉपात बॉडी फिटर होतो, आता पावसच्या रस्त्याला शेड आहे, आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा हेच सांगतो: पाणी आत येणारच असं धरून चला, आणि ते बाहेर कुठून जाणार ते आधी ठरवा.

त्याच्याही आधी कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी (कायद्याच्या भाषेत अशी राहायची गाडी) एआयएस १२४ हे वेगळं मानक आहे. पत्र्याला जिगसॉ (वर-खाली चालणाऱ्या पात्याची विजेची करवत) लावायच्या आधी आरटीओत जाऊन काय चालेल, काय नाही ते विचारा आणि उत्तर लेखी मिळालं तर उत्तम. कापलेला पत्रा परत जोडता येतो, पण पासिंगला अडकलेली गाडी अंगणातच उभी राहते.

कामाचा क्रम मोडू नका. आधी खिडक्या, मग वायरिंगचे पाइप, मग इन्सुलेशन (उष्णता अडवणारं अस्तर), मग आतलं प्लायवूड, शेवटी बैठक. बैठकीची हौस सगळ्यांना आधी असते. आणि कापाकापी-रंगाचं काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान उरका. आषाढात मारलेला रंग वाळला असं नुसतं वाटतं.

खिडक्या

सरकत्या काचेची खिडकी दिसायला छान, पण पावसात ती बंदच ठेवावी लागते. बंद गाडीत दोन माणसं झोपली की तासाभरात काचा घामेजतात. म्हणून निदान एका बाजूला वर बिजागरी असलेली, खालून बाहेर उघडणारी खिडकी घ्या. बाहेरची झड काचेवरून घसरून जाते आणि वारा खालून आत येतो. आपल्या जुन्या घरांच्या पडवीला पावसाळ्यात झापाची झडी बांधतात, त्यातलीच ही अक्कल.

काच टफन्डच (तापवून कडक केलेली) हवी, कोपऱ्यात मानकाचा शिक्का बघून घ्या. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे माप आधी पक्कं. रंगीत काच हवी असेल तर बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे. वरून काळी फिल्म चिकटवायचा बेत असेल तर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला मनाई केली होती ते आठवा आणि त्याऐवजी जाड पडदे शिवून घ्या.

जागा ठरवताना गाडीच्या आत बसा. हाताने चाचपून उभ्या रिबा, म्हणजे पत्र्याला आतून आधार देणाऱ्या पोकळ पट्ट्या, कुठे आहेत बघा. खिडकी दोन रिबांच्या मध्ये बसली पाहिजे. रीब कापावीच लागणार असेल तर भोवती तेवढ्याच ताकदीची बॉक्स सेक्शनची चौकट वेल्ड करून घ्या, नाहीतर आंबा घाटात गाडी वळणाला कुरकुरायला लागेल. खिडकीची रेघ पाणसळीने मारू नका. तुमचं अंगण सपाट आहे याची खात्री काय? गाडीच्या अंगावरची जी मूळ आडवी रेघ आहे, तिच्यापासून मोजा. पुठ्ठ्याचा फर्मा कापा, आतून धरा, चार कोपऱ्यांत बारीक भोकं पाडा, मग बाहेर जाऊन तोच फर्मा त्या भोकांवर बसवून बघा. लांब उभं राहून बघा. घरातल्या बायकांना बोलवा. वाकडं असलं तर त्या लगेच सांगतात.

आता कापणं. बाहेरून मास्किंग टेपचे दोन थर, त्यावर पेन्सिलची रेघ. जिगसॉच्या तळालाही टेप, म्हणजे रंगावर ओरखडे उठत नाहीत. कोपऱ्यांत १० ते १२ मिमीचं ड्रिल मारून तिथून ब्लेड आत घाला. ब्लेड पत्र्याचं, बारीक दात्यांचं, इंचाला चोवीस दाते असलेलं. घाई नको. तीन बाजू कापून झाल्या की कापलेल्या तुकड्याला टेपच्या पट्ट्या मारून धरून ठेवा, नाहीतर शेवटच्या दोन इंचांत तो वजनाने वाकतो आणि कडेचा पत्रा मुडपतो.

आतून जुनी चादर पसरलेली असू द्या. लोखंडाचा कीस गाडीभर उडतो आणि आपल्या हवेत त्याला एका रात्रीत गंज चढतो. सकाळी पांढऱ्या पत्र्यावर तपकिरी ठिपके उठलेले दिसतात. काम झालं की लोहचुंबकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून कोपरान्‌कोपरा फिरवा. पिशवी उलटी केली की कीस त्यातच राहतो. मग कापलेली कड कानशीने साफ करा, थिनरने पुसा, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर रंग. ही कड आयुष्यात परत दिसणार नाही, म्हणूनच तिच्यावर वेळ घालवा. गंज तिथूनच सुरू होतो.

कॅम्परच्या तयार खिडक्या बाहेरची चौकट आणि आतली रिंग यांच्यामध्ये भिंत आवळून बसतात. त्यांना साधारण २५ ते ३५ मिमी जाडीची भिंत लागते, आणि पत्रा तर जेमतेम मिलिमीटरभर. त्यामुळे आतून भरणीची चौकट हवी. ती लाकडाची करतात, मी करत नाही. अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप किंवा डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) पट्ट्या पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने चिकटवतो. खालच्या पट्टीत मधे बोटभर फट सोडतो, पाण्याला उतरायला.

चौकट आणि पत्रा यांच्यामध्ये ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावा. ती मऊ राहते आणि पुढे कधी खिडकी काढायची वेळ आली तर निघते. दुकानदार स्वस्तातलं सिलिकॉन पुढे करेल. नळी उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट आला तर परत द्या, त्यातलं आम्ल पत्रा खातं. स्क्रू स्टेनलेसचे, तेही ३१६ ग्रेडचे. ३०४ ला किनाऱ्यावर कालांतराने चहाच्या रंगाचे डाग पडतात. आवळताना समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे. बाहेर आलेली ब्युटाइल दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पट्टीने कापा. मग वरून सीलंटची रेघ ओढायचीच असेल तर वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला ओढा. खालची कड मोकळी. चुकून आत शिरलेलं पाणी तिथून पडतं.

बजेट कमी असेल तर न उघडणारी साधी टफन्ड काच रबरी बीडिंगमध्ये बसवा, आमच्या एसटीच्या पद्धतीने. बीडिंग काचेभोवती चढवायचं, जोड खाली मधोमध, कोपऱ्यात कधीच नाही. रबर मापापेक्षा थोडं लांबच कापायचं, ते पुढे आखडतं. मग बाहेरच्या खाचेत गोल सुतळी फिरवून टोकं आतल्या बाजूला सोडायची आणि साबणाचं पाणी लावायचं. बाहेरून एकाने तळहाताने काच दाबायची, आतून दुसऱ्याने सुतळी हळूहळू ओढायची. सुतळी येईल तसतसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. आतला माणूस धीराचा हवा, बाहेरचा दमदार.

खिडकीच्या वर बारीक पन्हळ चिकटवा, छपराचं पाणी थेट रबरावर पडायला नको. मग बागेच्या नळीने पाणी मारा, खालून सुरुवात करून वर जात. प्रेशर वॉशर नको. आत चौकटीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. ओला ठिपका कागदावर लगेच दिसतो, बोटाला कळत नाही.

इन्सुलेशन

मुंबईहून एक गाडी आली होती, शहरातल्या कुणीतरी बांधलेली, मालक म्हणाले आत कुबट वास येतो. आतलं प्लाय काढलं तर मागे ग्लासवूल, काचेच्या तंतूंचा कापूस. हाताने पिळलं तर पाणी निघालं. ते सगळं ओलं होऊन खाली घसरलेलं, वरचा अर्धा पत्रा उघडा, खालचा काळपट बुरशीने भरलेला. माल वाईट नव्हता. कोरड्या हवेत त्याने चांगलं काम दिलं असतं.

आपल्याकडे बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम लागतो: नायट्राइल रबर किंवा एक्सएलपीई (पॉलिथिलीनचा फोम), १९ ते २५ मिमी, पाठीला गोंद असलेला. तो थेट पत्र्याला घट्ट चिकटला पाहिजे, मधे हवा राहता कामा नये. आधी पत्रा थिनरने पुसा, तुकडा कोपऱ्यापासून लाटण्यासारख्या रोलरने दाबत जा. छप्पर आधी. दुपारी बाराला छपराच्या पत्र्यावर हात ठेवून बघा, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते कळेल. रिबांवरही पातळ पट्टी मारा, नाहीतर उष्णता तिथून थेट आत येते. विकत घेण्याआधी फोमचा छोटा तुकडा मोकळ्यावर नेऊन काडी लावून बघा. भडकून जळला तर तो माल झोपायच्या खोलीत नको.

चंदेरी फुग्यांचा फॉइल एकटा लावून काही होत नाही. चकचकीत बाजूसमोर बोटभर हवेची पोकळी असेल तरच तो उष्णता परतवतो. पत्रा आणि प्लाय यांच्यात दाबून बसवला की पैसे पाण्यात. स्प्रेचा फुगणारा फोम रिबांच्या पोकळीत भरू नका. त्या पोकळ्यांच्या तळाला कंपनीने पाणी जायला भोकं ठेवलेली असतात, ती बुजतात. तिथे फक्त कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) मारा आणि तारेने भोकं मोकळी करून घ्या.

एसी लावणाऱ्यांसाठी थोडं हिशेबाचं. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर सुमारे २७ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर त्या हवेतलं पाणी जमतं. तुम्ही एसी २४ ला ठेवलात की आतलं प्लाय गार होतं, आणि त्याच्या मागे बाहेरची दमट हवा पोचत असेल तर घाम प्लायच्या पाठीला सुटतो, तुम्हाला दिसणारही नाही. थंड देशात याच्या उलट होतं. तिथे माणसांच्या श्वासातली वाफ गार पत्र्यावर जमते, म्हणून ते खोलीच्या बाजूने प्लास्टिक ताणतात. आपण तसं केलं तर पाठीमागचं पाणी पत्रा आणि प्लास्टिकच्या मध्येच कोंडतं. फोम पत्र्याला चिकटवा, सांधे फॉइल टेपने बंद करा, प्लास्टिक विसरा.

जमिनीला १२ ते २० मिमी एक्सपीएस (कडक फोमचा) बोर्ड आणि वर १२ मिमी मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्क्याचं. प्रत्येक कापलेल्या कडेला, स्क्रूच्या भोकातही, इपॉक्सी किंवा वॉर्निश पाजा. जमीन चिकटवून टाकू नका, स्क्रूने बसवा. आरे-वारेची वाळू आणि ओले पाय आत येणारच. वर्षातून एकदा ती उचलून बघता आली पाहिजे. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीतून गाडी नेलीत तर त्या संध्याकाळी खालून गोड्या पाण्याने धुवा.

बैठक

गाडी चालू असताना माणसं फक्त कंपनीच्या, पट्टा असलेल्या सीटवर. तुम्ही बांधलेली बाकं उभ्या गाडीसाठी. यावर माझ्याशी वाद घालणारे खूप येतात, पण मी ऐकत नाही.

बाकाची उंची गादीसकट ४२ ते ४५ सेंमी. ४ इंची गादी बसल्यावर थोडी दबते, तेव्हा फळी ३५-३६ सेंमीवर. खोली ४५ ते ५०. आडवं झोपायचा बेत असेल तर रुंदी अस्तर लागल्यावर मोजा: दोन्ही बाजूंचा फोम, पट्ट्या, प्लाय मिळून आठ-दहा सेंटीमीटर सहज जातात, आणि सहा फुटी जावयाचे पाय दुमडायची पाळी येते. दोन बाकांच्या मधलं टेबल खाली उतरवून पलंग करायचा तर बाकांच्या कडेला आतून पट्टी ठोका, म्हणजे टेबलाची फळी तिच्यावर टेकते.

सांगाडा २५ मिमी अॅल्युमिनियम पाइपचा केलात तर वजन वाचतं. जमिनीत बोल्ट मारायच्या आधी गाडीखाली झोपून डिझेल टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग बघा. खालून मोठी प्लेट द्या. नुसत्या वॉशरने पत्रा फाटतो. अॅल्युमिनियम आणि लोखंड जिथे एकमेकांना टेकतात तिथे रबराची किंवा नायलॉनची पट्टी हवी, खाऱ्या हवेत नाहीतर अॅल्युमिनियम पांढरं पडून भुगा होतं. पाण्याची टाकी बाकाखाली असेल तर लिटरला किलो धरून वजन दोन्ही बाजूंना वाटा. गॅसची टाकी असलेल्या कप्प्याला तळात बाहेर उघडणारं भोक असलंच पाहिजे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो.

फळीला २५ मिमीची भोकं पाडा, वीतभर अंतरावर. तिच्यावर रबर लावलेल्या काथ्याची पातळ शीट, आणि मग ४० डेन्सिटीचा फोम. काथ्या आपल्याकडे स्वस्त आणि त्यातून हवा खेळते. फोम थेट फळीवर ठेवला की पावसाळ्यात खालून बुरशी धरते. रेक्झिन पुसायला सोपं, पण मे महिन्यात पाठ चिकटते. मी वरून जाड कॉटन, खालून जाळी, आणि चेन मागच्या बाजूला असं शिवून घेतो.

जून ते सप्टेंबर गाडी उभी राहणार असेल तर गाद्या उभ्या करून ठेवा, बाकांची झाकणं उघडी, छपराचा व्हेंट बोटभर वर, जाळी लावलेली. पंधरवड्याने इंजिन चालू कराल तेव्हा बाकाखालच्या बोल्टांवर बॅटरी मारून बघा. गंजाचा ठिपका दिसला तर पाणी खिडकीतून ओघळलंय की खालून उडालंय ते त्याच दिवशी शोधा, कारण दिवाळीला सगळं सुकलेलं असेल आणि वाट सापडणार नाही.