वॉक सायकल काढण्याआधी बर्डीवर एक चक्कर

टूडी ॲनिमेशनच्या प्रोजेक्टमध्ये पात्राची वॉक सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवता येणारी चालण्याची चित्रं, काढायची असेल तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी संध्याकाळी नागपुरातल्या बर्डीच्या (सीताबर्डी बाजाराच्या) मेन रोडवर थांबून लोकांची चाल बघा. हातात जड पिशवी असलेला माणूस उलट बाजूला झुकतो, हे तिथेच नीट कळतं. व्हिडिओ मात्र अनोळखी लोकांचा नको. मित्राला पिशवी देऊन चालवा.

मग प्रत्येक पावलाची आधी चारच चित्रं काढा: टाच टेकते, शरीर खाली दबतं, मागचा पाय पुढे ओलांडतो, शरीर वर उचललं जातं. सेकंदाला २४ फ्रेम आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं, तर अर्ध्या सेकंदाच्या पावलाला ६ चित्रं पुरतात, म्हणजे या चारांच्या मधे आणखी दोनच काढायची. डोकं वरखाली होत नसेल तर पात्र घसरत गेल्यासारखं दिसतं. रंग भरण्यापूर्वी कच्च्या रेघांवरच हे चालवून बघा.