अंदमानला जाताय? फेरीबोट बुक करायच्या आधी ओहोटी बघा

आपल्या सातारकरांचा समुद्राशी रोजचा संबंध नाही, त्यामुळे नील बेटावर (आता शहीद द्वीप) लोक भर भरतीला पोचतात आणि तो प्रवाळाच्या खडकाचा नॅचरल ब्रिज नीट न बघताच परत फिरतात, इतक्या लांब जाऊन वाईट वाटतं.

१. कॅलेंडर काढा. अमावस्या-पौर्णिमा आणि पुढचे एक-दोन दिवस ओहोटीला पाणी सगळ्यात जास्त मागं जातं, नीलचा मुक्काम तेव्हाच धरा.
२. नेटवर पोर्ट ब्लेअरचं (आता श्री विजयपुरम) टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. एका दिवसाची वेळ कळली की पुढचा अंदाज सोपा, ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. ती उजेडात पडतीय ना हे बघाच, कारण हिवाळ्यात तिकडं साडेपाचच्या आधीच अंधारायला लागतं.
३. मग फेरीबोट, हॉटेल बुक करा. पुण्याहून विमान असेल तर परतीच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा, हवा बिघडली की फेरीबोटी रद्द होतात.

आणि खडकावर चालताना जिवंत प्रवाळावर पाय नको, तुकडा उचलून आणणं तर कायद्यानं गुन्हा आहे. पाणी वाढायला लागलं की लगेच मागं फिरा.