ऑर्गच्या फाईलीत ऑर्गचंच उदाहरण देताय? या चुका टाळा

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरचा ऑर्ग मोड (साध्या मजकुरात नोट्स लिहायची सोय) वापरणाऱ्यावर कधीतरी ही वेळ येतेच, दुसऱ्याला ऑर्ग शिकवायचंय आणि नोट्सही ऑर्गमधेच लिहायच्यात. मी एका नवीन मुलासाठी अशीच फाईल केली, एक्झाम्पल ब्लॉकमधे (#+begin_example आणि #+end_example या ओळींच्या मधे, जिथलं जसंच्या तसं छापलं जावं) नमुना म्हणून "* किराणा" टाईप केलं आणि ब्लॉक बंद केला. पीडीएफ काढली तर अनुक्रमणिकेत चौथ्या प्रकरणानंतर थेट किराणा, आणि चौथ्याचे उरलेले सगळे भाग त्याच्या पोटात!

झालं काय, तर ऑर्ग आधी हेडिंग बघतो, ब्लॉक नंतर. ओळीच्या अगदी सुरुवातीला तारा आणि पुढे स्पेस दिसली की ते हेडिंग, मग ते ब्लॉकच्या आत असो नाहीतर बाहेर. ब्लॉक मधेच तुटतो आणि त्याच्या बिगिन-एंडच्या ओळी साध्या मजकुरासारख्या छापून येतात. उपाय एवढुसा आहे, ताऱ्याच्या आधी स्वल्पविराम:

,* किराणा
गूळ, शेंगदाणे

#+ ने सुरू होणाऱ्या, म्हणजे ऑर्गला सूचना देणाऱ्या ओळींनाही हेच. एक्सपोर्ट करताना ऑर्ग हे स्वल्पविराम स्वतःच काढून टाकतो. आणि प्लीज हाताने देत बसू नका, मी दोन दिवस दिले, मग कळलं की ब्लॉकमधे उभं राहून कंट्रोल-सी आणि सिंगल कोट दाबला की वेगळी खिडकी उघडते, तिथे बिनधास्त साधं लिहायचं, परत तीच बटणं दाबली की स्वल्पविराम आपोआप लागतात. उदाहरण कॉपी करायचं असलं तरी याच खिडकीतून करा, थेट फाईलीतून उचललं तर स्वल्पविरामही सोबत जातात आणि समोरचा म्हणतो तुझं चालत नाही.

एखाददोन ओळींचंच असेल तर ब्लॉक कशाला, सुरुवातीला कोलन आणि स्पेस द्या, ": * किराणा" असं. पण इथे स्वल्पविराम नको हां, इथला निघत नाही, दिला तर तसाच छापला जातो.

आता खास आपला मराठी घोळ. वाक्यात चिन्ह जसंच्या तसं दाखवायला ते दोन बरोबरच्या चिन्हांमधे टाकतात. तसं =*= लिहिलं आणि सवयीने लगेच "ने" चिकटवला, की गेलं, बरोबरची चिन्हं तशीच उघडी दिसतात. शेवटच्या चिन्हानंतर ऑर्गला स्पेस किंवा विरामचिन्ह लागतं, आणि आपले प्रत्यय तर शब्दाला चिकटूनच येणार. मी मधे जोडरेघ टाकते, =*=-ने, जरा विचित्र दिसतं पण चालतं. काहीजण न दिसणारी शून्य रुंदीची स्पेस घालतात. वाक्यात ठीक आहे, पण तीच युक्ती ताऱ्याच्या आधी वापरली आणि कुणी ती ओळ कॉपी केली की त्याच्याकडे हेडिंग काही होत नाही, आणि डोळ्यांना चूक दिसतच नाही, शोधत बसा.

तरी काही तुटलंय असं वाटलं तर ऑर्ग-लिंट कमांड चालवा, अर्धवट ब्लॉक कुठल्या ओळीवर आहे ते सांगते.