वायफाय सारखं तुटतंय? नवा राउटर घेण्याआधी या चुका टाळा

डोंबिवलीत आमच्या मजल्यावर चार घरं आहेत. हॉलमध्ये उभं राहून फोनवर वायफाय शोधलं तर वीस-बावीस नावं दिसतात, त्यातली निम्मी समोरच्या इमारतीतली. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं नेट अडलं की मला हाक येते, आणि बहुतेक वेळा मी पोचेपर्यंत घरात दोन-तीन हजारांचं नको ते सामान येऊन पडलेलं असतं. हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

केबल न लावताच निदान

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. नेट अडकलं की लोक आधी कंपनीला फोन करतात आणि मग प्लॅन वाढवतात. पण फायबर घरापर्यंत येते ती एक वाट, आणि राउटरपासून फोनपर्यंत हवेतून जाते ती दुसरी. बिघाड कोणत्या वाटेवर आहे हे कळेपर्यंत एक रुपयाही काढू नका.

माझ्या पिशवीत दोन मीटरची लॅन केबल कायम असते. लॅपटॉप थेट राउटरला जोडायचा आणि ज्या वेळी त्रास होतो त्याच वेळी अर्धा तास काम करून बघायचं. केबलवर सुरळीत चाललं आणि वायफायवर अडलं, तर दोष हवेत आहे. १०० एमबीपीएस वेगाचा प्लॅन ३००चा केला तरी तो जाणार नाही.

लॅपटॉपला लॅन केबलची जागाच नसेल तर राउटरला पिंग करा, म्हणजे लॅपटॉपवरून त्याला छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजा. पत्ता राउटरच्या स्टिकरवर असतो, बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. शंभर वेळा तरी करा, पाच-दहा वेळा करून काही कळत नाही. उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत येत राहिलं तर हवा ठीक आहे. मधूनच तीनशे-चारशेवर उडी मारत असेल किंवा उत्तरच येत नसेल, तर घरातच गडबड आहे. राउटर पटापट उत्तर देतोय पण बाहेरची साइट अडकतेय, असं असेल तरच कंपनीला फोन करा आणि हे आकडे त्यांना सांगा. आकडे सांगितले की तक्रार लवकर पुढे सरकते, असा माझा अनुभव आहे.

‘रिकामा’ चॅनेल निवडणं

चॅनेल म्हणजे राउटर ज्यावरून बोलतो ती हवेतली लेन. या चुकीने मला सर्वांत जास्त छळलं आहे. चौथ्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी घरून काम करते. रात्री नऊनंतर तिची परदेशातल्या लोकांशी मीटिंग असते आणि रोज त्याच वेळी आवाज तुटायचा. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा सकाळी अकराला. त्या वेळी सगळं छान चालायचं, मग तो तरी काय करणार? पुढच्या तीन आठवड्यांत त्यांनी प्लॅन वाढवला, दुकानातून बूस्टर (वायफायचं सिग्नल पुढे पोचवणारा डबा) आणला आणि शेवटी चार अँटेनांचा नवा राउटर घेतला. तरी फरक शून्य.

मी रात्री साडेनऊला गेलो. केबलवर नेट उत्तम. मग फोनवर वायफाय ॲनालायझर उघडला, म्हणजे आसपासची वायफाय, त्यांचा जोर आणि चॅनेल दाखवणारं ॲप. (आयफोनवाल्यांनी एअरपोर्ट युटिलिटी घ्यावं आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्यातला स्कॅनर चालू करावा.) काकूंचं सिग्नल उणे ३८ (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकं सिग्नल जोरात), आणि त्याच्या खालीच दुसरं एक नाव, उणे ४१. परक्या घरातलं सिग्नल इतकं जोरात? तेव्हा उलगडा झाला. आमच्याकडचे फ्लॅट आरशातल्या प्रतिबिंबासारखे आहेत, टीव्हीची भिंत दोन घरांत एकच. बिल्डरने केबलचा पॉइंट दोन्हीकडे तिथेच दिलेला, त्यामुळे दोन राउटर एकाच भिंतीला पाठ लावून बसलेले. शेजारचा चॅनेल १ वर, काकूंचा ३ वर, आणि बूस्टरही ३ वरच. कुणीतरी सांगितलं होतं की १, ६, ११ वर गर्दी असते, ३ रिकामा दिसतो, तो घ्या.

हा सल्ला देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हे थांबवा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत, पण एका वायफायला साधारण वीस मेगाहर्ट्झ रुंद जागा लागते. त्यामुळे तीनवर बसलेला राउटर एकच्याही अंगावर येतो आणि सहाच्याही. एकमेकांना न छेदणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. दोन राउटर एकाच चॅनेलवर असले तर एकमेकांचं बोलणं त्यांना कळतं आणि ते आळीपाळीने बोलतात. वेग वाटला जातो, पण काम चालतं. अर्धवट चढलेल्या चॅनेलवर मात्र दुसऱ्याचं बोलणं म्हणजे नुसता गोंगाट. डेटाची छोटी पाकिटं बिघडतात, पुन्हा पाठवावी लागतात. सकाळी शेजारी कामावर असतात म्हणून हे जाणवत नाही. रात्री सगळी इमारत मालिका बघायला बसली की मीटिंग तुटते.

उपाय ॲपमध्ये नव्हता, शेजारच्या दारात होता. बेल वाजवली, काकांनी चहा पाजला आणि पंधरा मिनिटांत ठरलं: त्यांचा १, काकूंचा ११, पलीकडच्या घराचा ६. बूस्टर काढून टाकला. नवा राउटर दहा मीटरच्या लॅन केबलने पॅसेजमध्ये आणला आणि कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद केलं. फायबरच्या बारीक वायरला हात लावला नाही, ती जोरात दुमडली की सिग्नलच जातो. त्या रात्रीपासून मीटिंग तुटलेली नाही.

रुंदी ‘ऑटो’वर सोडणं

२.४ वर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली की एकटा राउटर जवळपास निम्मा पट्टा अडवतो. वेग वाढेल या आशेने लोक ती वाढवतात आणि स्वतःसकट चार घरांचं नेट बिघडवतात.

५ गिगाहर्ट्झ न वापरणं

२.४ सारखाच ५ गिगाहर्ट्झ हा वायफायचा दुसरा पट्टा, म्हणजे बँड. २०१८ साली सरकारने या पट्ट्यातली आणखी बरीच जागा विनापरवाना वापरासाठी खुली केली. तिथे मोकळीक आहे, आणि भिंती हे सिग्नल जास्त अडवतात ही तक्रार नसून सोय आहे, कारण शेजाऱ्याचंही तुमच्यापर्यंत कमी पोचतं. मी दोन्ही बँडना वेगळी नावं देतो: लॅपटॉप आणि टीव्ही ५ वर, स्मार्ट बल्ब २.४ वर. चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला घ्या. ५२ ते १४४ मधल्या चॅनेलवर राउटरला रडारकडे लक्ष ठेवावं लागतं. रडार आहे असं वाटलं तर तो चॅनेल सोडतो आणि घरातलं नेट मिनिटभर गायब होतं.

रोज राउटर बंद-चालू करणं

चॅनेल ऑटोवर असेल तर चालू होताना राउटर नवा चॅनेल शोधतो, म्हणून दोन दिवस बरं वाटतं. तो आजार दडपण्याचा प्रकार आहे. दहा मिनिटं काढून चॅनेल एकदाच नीट बसवा.

राउटर लपवणं

टीव्हीमागे, लोखंडी कपाटावर, माळ्यावर, फ्रिजशेजारी ठेवू नका. आणि मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, त्याच्यापासूनही लांब ठेवा.

बूस्टर

एकाच रेडिओवर ऐकून तोच पुन्हा बोलणारा स्वस्त बूस्टर वेग निम्म्यावर आणतो. त्याच पैशात लॅन केबल ओढा.

चॅनेल १२-१३

आपल्याकडे चालतात, पण अमेरिकेतून आणलेल्या काही लॅपटॉपना तिथलं वायफाय दिसतच नाही. सुट्टीत भाचा आला आणि ‘तुमच्या घरी नेटच नाही’ म्हणाला, तर आधी हे तपासा.